पायाभरणीचा दगड आणि गळके छप्पर

गेल्या वर्षी जूनमध्ये गावाकडच्या धर्मादाय दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या व्हॉट्सॲप गटावर एक फोटो टाकला. बाळंतिणीची खोली, दोन खाटा, आणि त्या दोन खाटांच्या मधोमध एक निळी प्लास्टिकची बादली. वर छताला ओल धरून पोपडे सुटलेले. खाली दोन ओळी होत्या: गच्चीवरचा कोबा उखडून पुन्हा करावा लागेल, कठड्याच्या भेगा भरून घ्याव्या लागतील, पाऊस जोर धरायच्या आत जमेल का?

गटात आम्ही गावची आठ-दहा घरे आहोत. कुणी दुबईत, कुणी न्यू जर्सीत, मी इथे बॉथेलमध्ये. रक्कम काही फार नव्हती. आमच्यापैकी एकाने इथे स्वयंपाकघर नवे करून घेतले, त्याच्या निम्म्यातसुद्धा ते काम झाले असते. पण दोन दिवस गट गप्प. मग एका काकांनी सोनोग्राफी मशीनचा विषय काढला आणि बघता बघता आकडे पडू लागले. आईच्या नावाने, आजोबांच्या नावाने, एकाने तर पाटीवरचा मजकूरही पाठवला. चार दिवसांत मशीनचे पैसे जमले. कोब्याचे नाव कुणी काढले नाही. मशीन कुठे ठेवणार, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले नाही. त्यांनी नुसते हात जोडल्याचे चित्र टाकले.

दोष कुणाचा म्हणून हे सांगत नाही, कारण मशीनच्या यादीत माझेही नाव होते. पण ती बादली काही केल्या डोक्यातून जाईना. धर्मादाय इस्पितळ बांधायला पैसे कुठून येतात आणि ते उभे ठेवायला कुठून येतात, हा प्रश्न आजचा नाही. त्याची जुनी उत्तरे शोधायला लागलो, तेव्हा पहिले सापडले ते माझ्या घरापासून वीसेक मैलांवर, सिॲटलच्या फिफ्थ ॲव्हेन्यू आणि मॅडिसन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर.

सोळा फूट बाय वीस फूट

त्या कोपऱ्यावर आज फेडरल न्यायालयाची इमारत आहे, विल्यम केन्झो नाकामुरा यांच्या नावाची. कामानिमित्त आपल्यापैकी अनेक जण तिच्यावरून रोज जातात. त्या जागेवर 1878 पासून पुढची तेहतीस वर्षे प्रॉव्हिडन्स हॉस्पिटल होते. ते चालवणाऱ्या 'सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स' या कॅथलिक जोगिणी मूळच्या कॅनडातल्या माँट्रियलच्या. आणि ते बांधणारी बाई त्यांच्यातलीच एक होती. 'बांधणारी' हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा.

तिचे मूळ नाव एस्तेर पारिझो. जन्म 16 एप्रिल 1823, माँट्रियलजवळच्या सेंट एल्झेआर गावी. वडील घोडागाड्या बनवणारे कारागीर. त्यांच्या कामाच्या जागी ती रंधा, करवत, पटाशी चालवायला शिकली. विसाव्या वर्षी, 1843 मध्ये, ती त्याच वर्षी स्थापन झालेल्या या संघात दाखल झाली. पुढे तिने वडिलांचे नाव घेतले आणि ती मदर जोसेफ झाली.

3 नोव्हेंबर 1856 रोजी ती चार सोबतिणींसह माँट्रियलहून निघाली. न्यू यॉर्कहून बोट, पनामाची चिंचोळी पट्टी रेल्वेने, तिथून पुन्हा बोटीने सॅन फ्रान्सिस्को, आणि 8 डिसेंबरला फोर्ट व्हँकुव्हर. हे कॅनडातले व्हँकुव्हर नव्हे, तर आपल्या राज्याच्या दक्षिण टोकाला, कोलंबिया नदीच्या काठी असलेले. तेव्हा वॉशिंग्टन हे राज्य नव्हते, नुसता प्रदेश होता. या पाच जणींसाठी राहायची जागाही तयार नव्हती. बिशप ब्लाँशे यांच्या घराच्या माळ्यावर त्यांची सोय झाली, आणि मदर जोसेफने हत्यारे काढून तो माळा राहण्याजोगा केला. या भागातले तिचे पहिले बांधकाम म्हणजे ही दुरुस्तीच.

सोळा महिन्यांनी, एप्रिल 1858 मध्ये, तिथे सेंट जोसेफ हॉस्पिटल सुरू झाले. वायव्य अमेरिकेतले पहिले कायमचे इस्पितळ म्हणून त्याची नोंद होते. इमारत केवढी? सोळा फूट बाय वीस फूट. बॉथेलच्या नव्या घरांतले दोन गाड्यांचे गॅरेज याहून मोठे असते. शिवाय ती इस्पितळासाठी बांधलेलीही नव्हती. कपडे धुणे आणि पाव भाजणे यांसाठी केलेली ती खोली. तिला आतून कापड आणि कागद लावून वारा अडवला, चार खाटा मांडल्या. गावातल्या बायकांनी मंडळ स्थापून खर्चाला हातभार लावला. त्यांत कॅथलिक होत्या, प्रॉटेस्टंट होत्या, ज्यूही होत्या.

सुरुवात लहान होती, हे मला महत्त्वाचे वाटते. पैसे जमल्यावर इस्पितळ, असा तो हिशेब नव्हता. रोगी दारात आला होता म्हणून धुण्याची खोली रिकामी केली. मग रोगी वाढले, तशा भिंती वाढल्या.

पैसे कुठून आले

त्या काळच्या वॉशिंग्टनमध्ये लाकूड म्हणाल तेवढे होते. नव्हते ते रोख पैसे आणि कसबी हात. कसबी हात मदर जोसेफने स्वतःचे वापरले. पैशांचे मात्र तसे नव्हते.

जोगिणींनी जे मार्ग काढले ते एकत्र पाहिले की त्यांचे शहाणपण कळते. पहिला मार्ग, संस्था कायद्याने उभी करणे. 1859 च्या जानेवारीत त्यांनी आपला संघ रीतसर नोंदवून घेतला. या राज्यातल्या सर्वांत जुन्या नोंदणीकृत संस्थांपैकी ती एक. त्यामुळे जमीन संस्थेच्या नावावर झाली, कर्ज काढता येऊ लागले, आणि एखादी सिस्टर वारली किंवा बदलून गेली तरी मालमत्तेचा प्रश्न उभा राहिला नाही.

दुसरा मार्ग, ज्याला परवडते त्याच्याकडून घेणे. पैसेवाला रोगी पैसे देई, गरीब फुकट राही. शिवाय त्यांची निवासी शाळा होती, तिची फी येई. भाजीचा मळा, शिवणकाम, धुलाई, सगळे घरचे.

तिसरा मार्ग, भिक्षा. हा शब्द मी सौम्य करत नाही, कारण त्याही त्या फेऱ्यांना भीक मागायला जाणेच म्हणत. 1866 मध्ये मदर जोसेफ एका सोबतिणीला घेऊन आयडाहो आणि माँटानाच्या खाणींच्या छावण्यांमध्ये फिरली. सोन्याच्या मागे लागलेल्या, कधी काय होईल याचा भरवसा नसलेल्या माणसांकडे ती घोड्यावरून जाई आणि हात पसरी. एकदा वाटेत दरोडेखोरांनी गाडी अडवली, सगळ्यांचे सामान काढून घेतले, तेव्हा तिने पुढे होऊन, बाळा, ती काळी पिशवी तेवढी माझी आहे, अशा थाटात आपली पिशवी परत मागून घेतली, अशी गोष्ट तिच्याबद्दल सांगतात. गोष्ट थोडी फुगली असेल. पण त्या पिशवीत इस्पितळाचे पैसे होते, हे ऐकणाऱ्याला पटत होते, म्हणून ती टिकली.

चौथा मार्ग, सरकारचे काम अंगावर घेणे. सिॲटलमधली सुरुवात अशीच झाली. किंग काउंटीवर निराधार रोग्यांची जबाबदारी होती. फादर प्रेफोंतेन यांच्या खटपटीने 1877 मध्ये ते काम सिस्टर्सकडे आले. दुवामिश नदीकाठी, आजच्या जॉर्जटाउन भागात, काउंटीचे गरीबघर होते. तिथे तीन सिस्टर्स दाखल झाल्या. जागा गावापासून लांब, आडबाजूला. वर्षभरात त्यांनी शहरात फिफ्थ आणि मॅडिसनच्या कोपऱ्यावरचे एक राहते घर सुमारे 5,000 डॉलरला विकत घेतले. मदर जोसेफने येऊन त्यात फेरफार केले आणि 1878 मध्ये तिथे प्रॉव्हिडन्स हॉस्पिटल सुरू झाले. तेही दोनेक वर्षांत अपुरे पडू लागले. मग 1882 मध्ये तिने स्वतः आराखडा करून त्याच जागी मोठी लाकडी इमारत उभी केली.

बॉथेलच्या बाजूने पाहिले की त्या इस्पितळाचा अर्थ जास्त कळतो. 1880 च्या दशकात इथे सगळे जंगल, आणि जंगलात लाकूडतोड्यांच्या छावण्या. या जागेला तेव्हा ब्रॅकेट्स लँडिंग म्हणत, कारण ब्रॅकेट नावाच्या ठेकेदाराचे ओंडके इथून नदीत लोटले जात. ओंडक्याखाली पाय सापडला, कुऱ्हाड निसटली, झाड चुकीच्या बाजूला पडले, असे होतच असणार. आज ज्या काठाने आपण शनिवारी सकाळी मुलांच्या सायकली काढतो, त्या सॅमामिश नदीतून आणि लेक वॉशिंग्टनवरून होडीत घालून माणसाला सिॲटल गाठायचे होते. पुढे खाट मिळाली तर त्याचे नशीब.

जमिनीखाली रांगणारी आर्किटेक्ट

पावसाळी मुलखात लाकडी इमारत टिकवणे म्हणजे काय, हे बॉथेलच्या घरमालकांना सांगायला नको. ऑक्टोबर लागला की छपरावर शेवाळ, गटारीत देवदारच्या काड्या, आणि घराखालच्या बुटक्या पोकळीत ओल. पहिल्या वर्षी आम्ही गटारी साफ केल्या नाहीत. पाणी उलटून भिंतीच्या कडेने उतरले आणि खालच्या तुळईचे टोक मऊ पडले. दुरुस्तीला आलेल्या माणसाने स्क्रूड्रायव्हर टोचून दाखवला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी धरत नाही, त्याच्या वर बराच काळ राहिला की लाकूड आतून खलास. वरून रंग छान असतो. म्हणून इथे घर घेताना तपासनीस आधी दिवाणखाना पाहत नाही, तो घराखाली रांगतो.

मदर जोसेफ तेच करी. कमरेला हातोडा आणि करवत अडकवून ती बांधकामावर फिरे, पायाखाली रांगत जाऊन टेकू पाहत असे, वर तुळयांवर चढून फळीवर वजन टाकून पाहत असे. गवंड्यांनी धुराडे नीट रचले नाही म्हणून ते लोक गेल्यावर तिने ते स्वतः पाडले आणि पुन्हा रचले, अशीही एक आठवण सांगतात. धुराडे हा हट्टाचा विषय नव्हता. लाकडी इमारत, आत चालता न येणारे रोगी, आणि प्रत्येक खोलीत शेगडी. विटांमधली एक फट सगळ्यांचा जीव घेऊ शकली असती.

6 जून 1889 ला सिॲटलचा व्यापारी भाग जळून खाक झाला, तेव्हा ती आग याच मॅडिसन स्ट्रीटच्या खालच्या टोकाला, एका सुताराच्या दुकानात तापत ठेवलेल्या सरसातून लागली. चढावर वरच्या बाजूला असलेले प्रॉव्हिडन्स वाचले. 1911 पर्यंत ते त्याच जागी चालले, मग सतराव्या ॲव्हेन्यूवर विटांच्या नव्या इमारतीत गेले. तिचा मनोरा आजही स्वीडिशच्या चेरी हिल आवारात दिसतो.

अशा अकरा इस्पितळांच्या, सात शाळांच्या आणि काही अनाथालयांच्या बांधकामांशी मदर जोसेफचे नाव जोडलेले आहे. 1886 मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी, ती स्पोकेनला जागा घ्यायला गेली आणि पुढच्या जानेवारीत तिथले इस्पितळ सुरू झाले. 19 जानेवारी 1902 ला ती गेली. वॉशिंग्टन डीसीच्या कॅपिटॉलमध्ये प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. आपल्या राज्याच्या बाजूने 1980 मध्ये तिचा पुतळा बसला. त्यात ती गुडघे टेकून प्रार्थना करते आहे आणि शेजारी तिची हत्यारे आहेत.

मुंबईचे एक लाख

आता आपल्याकडे येऊ. मदर जोसेफ पंधरा वर्षांची असताना, 1838 मध्ये, मुंबईत जमशेटजी जीजीभाई यांनी गरिबांसाठी इस्पितळ बांधायला एक लाख रुपये देऊ केले. अट अशी, की ईस्ट इंडिया कंपनीनेही तेवढेच घालावेत. आज आपल्या कंपन्या देणगीला जोड देतात, ती 'मॅचिंग'ची कल्पना मुंबईत तेव्हाच होती. फरक इतकाच, की इथे एका पारशी व्यापाऱ्याने सत्ताधाऱ्यांना जोड द्यायला लावली.

जमशेटजी लहानपणीच पोरके झालेले, मामांच्या बाटल्यांच्या धंद्यात सुरुवात केलेले. चीनशी कापूस आणि अफूचा व्यापार करून त्यांनी अफाट पैसा मिळवला. अफूचे नाव गाळून त्यांच्या दानाचा इतिहास लिहिता येत नाही, आणि दान गाळून मुंबईचाही लिहिता येत नाही. दोन्ही सोबत ठेवावे लागते.

पायाभरणीचा दगड बसला 3 जानेवारी 1843 ला, मोठ्या समारंभाने. रोगी यायला लागले 1845 च्या मे महिन्यात. शब्द दिल्यापासून खाट मिळेपर्यंत सात वर्षे. फोर्ट व्हँकुव्हरच्या सोळा महिन्यांशी याची तुलना करायचा मोह होतो, पण ती न्यायाची नाही. तिथे चार खाटा होत्या. इथे मोठे सार्वजनिक इस्पितळ आणि त्याला लागून, त्याच वर्षी सुरू झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज. भाऊ दाजी लाड त्याच्या पहिल्या तुकडीतले. ते पुढे गरिबांना फुकट औषध देत.

जमशेटजींच्या त्या अटीत मला पैशांपेक्षा जास्त काहीतरी दिसते. कंपनीचे पैसे गुंतले की कंपनीला त्या इमारतीकडे पाठ फिरवता येत नाही. एकट्याने दोन लाख दिले असते तर नाव मोठे झाले असते, पण पुढचा रोजचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न हवेत राहिला असता. सरकार भागीदार झाल्यामुळे जे. जे. आज पावणेदोनशे वर्षांनंतरही सरकारी इस्पितळ म्हणून चालू आहे. तिथली गर्दी, तिथल्या तक्रारी सगळ्यांना ठाऊक आहेत. पण दार उघडे आहे.

याच माणसाने पुण्याच्या पाण्यासाठी मुळा-मुठेवर बंधारा बांधायला पैसे दिले, त्याचीही आठवण इथे काढायला हवी, कारण तो दुरुस्तीचाच इतिहास आहे. ते काम पुराने वाहून गेले. पुन्हा केले, पुन्हा गेले. शेवटी 1850 मध्ये बंधारा उभा राहिला, तोवर खर्च अडीच लाखांवर गेला होता आणि त्यातले सुमारे पावणेदोन लाख जमशेटजींचे होते. पुणेकर आजही त्या भागाला बंडगार्डन म्हणतात. मला वाटते, पहिल्या देणगीपेक्षा पुरानंतरची देणगी कठीण. पहिल्या वेळी उत्साह असतो. दुसऱ्या वेळी पैसे पाण्यात गेलेले असतात, अक्षरशः, आणि तरी पुन्हा खिशात हात घालायचा असतो.

अट कशाची घालावी

देणगीदाराने अट घातली की आपण नाक मुरडतो. पण अटी दोन तऱ्हेच्या असतात. एक नावाची, दुसरी कामाची. जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांनी माहीमच्या कॉजवेला दीड लाखाहून अधिक रुपये दिले, ते रस्त्यावर पथकर घेणार नाही या अटीवर. कामा हॉस्पिटलची गोष्टही तशीच. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला सोराबजी शापुरजी बेंगाली आणि मुंबईत धंदा करणारे एक अमेरिकन गृहस्थ, जॉर्ज किट्रेज, यांनी हिंदुस्थानातल्या बायकांसाठी बाई-डॉक्टर आणायचा निधी सुरू केला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इस्पितळासाठी एक लाखाहून अधिक रुपये दिले. तिथे कारभार बाई-डॉक्टरांच्या हाती राहावा, ही त्यातली मुख्य गोष्ट होती. 1883 मध्ये कोनशिला बसली, 1886 मध्ये इस्पितळ उघडले, आणि विलायतेहून आलेल्या एडिथ पीची यांनी तिथे काम केले. कामांचे नाव इमारतीवर आहे, पण त्यांची अट इमारतीच्या आत होती.

मिरजेचे उदाहरण तर आपल्याला आरसाच दाखवते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस 1889 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आले आणि मिरजेत स्थिरावले. 1894 मध्ये तिथे त्यांचे इस्पितळ उघडले. जमीन मिरजेच्या संस्थानिकांनी दिली. इमारतीचे पैसे दिले फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी. हे बाल्डविन या आगगाडीची इंजिने बनवणाऱ्या कारखान्याचे मोठे भागीदार. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतला पैसा मिरजेच्या रोग्यांसाठी गेला होता, तोही मिरज कधी न पाहिलेल्या माणसांचा. पण पैसा पाठवून ते काम पुरे झाले नाही. वॉन्लेस तिथे जवळजवळ चाळीस वर्षे राहिले, त्यांनी परिचारिका तयार केल्या, मिरजेतच डॉक्टर शिकवले. दूर राहून दान करणाऱ्याला जागेवर असा एक माणूस लागतो. आमच्या गावाला तो आहे. बादलीचा फोटो काढणारी तीच.

दिवाबत्तीची सोय

हे सगळे वाचताना मला सारखी आपलीच एक जुनी पद्धत आठवत होती. देवळाला जमीन इनाम दिली जाई, ती नुसत्या पूजेसाठी नव्हे. दिवाबत्ती, झाडलोट, नैवेद्य, चौघडा, प्रत्येकाची सोय लावलेली असे. देऊळ बांधले की काम संपले, असे कुणी मानत नव्हते. तेल रोज जळते, म्हणून उत्पन्नही रोजचे लावून द्यायचे. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरपर्यंत देवळे, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या हे आपण शाळेत शिकतो. त्यांतली किती कामे जीर्णोद्धाराची होती, आणि त्यांच्या पुढच्या खर्चासाठी त्यांनी खासगीतून किती ठिकाणी तरतूद केली, हे कमी सांगितले जाते. जीर्णोद्धाराला आपल्याकडे नव्या बांधकामाहून जास्त पुण्य मानले आहे. मोडके नीट करणे हे हलके काम आहे, ही समजूत आपली नव्हे. ती कधीतरी मधल्या काळात शिरली.

एक गोष्ट व्हँकुव्हरची राहिली. मदर जोसेफने 1873 मध्ये तिथे मोठी विटांची इमारत बांधायला घेतली, प्रॉव्हिडन्स अकॅडमी. विटा दिल्या लोवेल हिडन नावाच्या स्थानिक माणसाने. या एका मागणीवर त्याची भट्टी उभी राहिली. शाळा पुढे बंद पडली, इमारत पडायला आली, आणि पाडून टाकायच्या गोष्टी सुरू झाल्या. तेव्हा, 1969 मध्ये, ती विकत घेऊन वाचवली ती हिडन कुटुंबानेच. ज्यांच्या पूर्वजांनी विटा भाजल्या, त्यांनी त्या विटा पडू दिल्या नाहीत. 2015 मध्ये एका वारसा जपणाऱ्या विश्वस्त संस्थेने ती घेतली आणि दुरुस्ती पुढे चालू ठेवली. पोर्टलंडकडे जाताना आय-फाइव्हवरून ती लाल इमारत दिसते. एकदा थांबून पाहा.

बादलीचे पुढे काय झाले

मी हे सगळे गटावर लिहिले नाही. व्हॉट्सॲपवर इतिहास सांगणाऱ्याचे काय होते ते आपल्याला माहीत आहे. एवढेच लिहिले, की मशीनच्या रकमेतला दहावा भाग बाजूला काढून कायमचा दुरुस्ती निधी करू, मुद्दल बँकेत ठेवू आणि व्याजातून दर वर्षी मे महिन्यात गच्ची, गटारी आणि वायरिंग तपासून घेऊ. यंदाच्या कोब्याचे पैसे मात्र वेगळे उभे करायचे.

सगळ्यांना पटले असे नाही. काकांनी फोन केला. म्हणाले, "अरे, आईच्या नावाने दिलेले पैसे गच्चीवर डांबर फासायला वापरायचे? बरे दिसते का ते?" मी म्हटले, "काका, आजी होती तेव्हा मृगाच्या आधी कौले कोण चाळून घेत असे?" ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या आईच ते करून घेत असत. आळीतली सगळी कौले त्यांच्या देखरेखीखाली चाळली जात, आणि कामगारांना चहा त्या स्वतः देत. "हं," म्हणाले, "ती शिडी धरून उभी राहायची." त्यांनी कोब्याचे निम्मे पैसे दिले. उरलेले आम्ही सहा घरांनी वाटून घेतले. दोन घरे तयार झाली नाहीत, आणि दुरुस्ती निधीचा विषय अजून पूर्ण मिटलेला नाही. मुद्दल कुणाच्या सहीने निघेल यावर आमची चर्चा चालू आहे. 1859 मध्ये पाच-सात जोगिणींनी हा प्रश्न आधी सोडवून मग विटा का मागवल्या, ते आता समजते.

काम व्हायला जुलै उजाडला, मधे पावसाने दोनदा खोळंबा केला. ऑगस्टमध्ये डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. फोटो नव्हता. खोली कोरडी आहे, एक बाळंतीण आज घरी गेली, मुलगी झाली. आणि निळी बादली आता फरशी पुसायला वापरतो.